तुझं इथे काही काम नाही

बाबा, तुम्ही चुकला होतात. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी मी 'हो बाबा'वर येईन.

दोन हजार तीनचा मार्च. माझी मुलगी पंचविसाव्या आठवड्यातच जन्मली आणि तुम्ही लंडनच्या पार दुसऱ्या टोकाच्या क्रॉयडनहून ट्रेन बदलत हॅरोला हॉस्पिटलात आलात. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लहान मुलांचे डॉक्टर होतात. इन्क्युबेटरपाशी आल्यावर आधी मॉनिटर वाचलात, मग चार्ट. तिच्याकडे पाहिलंत का, मला आठवत नाही. मला कॉरिडॉरमध्ये नेऊन हळूच म्हणालात, "जीव लावू नकोस. घरी जाऊन झोप. तुझं इथे काही काम नाही."

"काम नाही, म्हणून तर बसलेय," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला उलट बोलले, आणि बसलेच. नर्सने शिकवलं, कुरवाळायचं नाही, कातडी फार नाजूक असते; एक तळवा डोक्याशी, एक पावलांशी, नुसता स्थिर ठेवायचा. मी ठेवायचे, आणि तिची चुळबुळ थांबायची. एकोणिसाव्या दिवशी, करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, नळ्या काढून तिला माझ्या छातीवर दिलं. तिथेच ती गेली. फोनवर तुम्ही म्हणालात, सांगितलं होतं तुला. तुमचा आवाज कापत होता, पण तेवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही.

दोन वर्षांनी दर गुरुवारी त्याच वॉर्डात मी आईबापांच्या सोबतीला जाऊ लागले. तोवर तुम्ही गेला होतात. पहिल्याच महिन्यात साताऱ्याकडची एक मुलगी भेटली. तिचा मुलगा चोविसाव्या आठवड्यात झालेला, आणि ही चार दिवस दारातच उभी. सासूने फोनवर बजावलं होतं, फार गुंतू नकोस.

"ताई, मी हात लावला आणि तो गेला तर?"

"आणि न लावता गेला तर?" मी विचारलं. ती बराच वेळ रडली. मग मी खुर्ची ओढून दिली, नर्सला हाक मारली, आणि ती बसली. उन्हाळ्यात तो ऑक्सिजनच्या नळीसकट घरी गेला. वाचला नसता, तरी मी तिला तेच सांगितलं असतं. मूल जगलं तरच लावलेला जीव सार्थकी लागतो, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. माझ्या मुलीचं नाव तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मीही हट्टाने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.