खाली ता.क. होता

ती. आयेस,
इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. एडिंबरात थंडी आहे, पण तुझी गोधडी पुरते. गुडघ्यांना तेल लावतेस ना? काजू मोहरले का?

मी इथे नेमकं काय करते, असं तू विचारलंस. हजारो शोधनिबंधांतून हवं ते शोधून देणारं यंत्र आम्ही करतो. नुसता शब्द सापडून भागत नाही. तो निबंधात कुठे आलाय, हेही यंत्राला शिकवावं लागतं. लोक यश सुरुवातीला सांगतात, आणि जमलं नाही ते शेवटी, दोन ओळींत.

बाबांचंही तसंच होतं. कोकमाच्या सोलांच्या पार्सलातली त्यांची शेवटची चिठ्ठी मी भात किती झालं, गाय कधी व्याली, एवढी वाचून ठेवून दिली. फोनवर फक्त सोलं मिळाल्याचं सांगितलं. काल त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून ती पुन्हा काढली. मागच्या बाजूला ता.क. होता: "छातीत जरा दुखता. तुझ्या आवशीक सांगूक नाय. तुका येवक जमात काय?"

आये, तुझं काही दुखलं तर पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
संचिता

ता.क. वर खोटं लिहिलंय. माका बरा वाटणा नाय.