पिंगळ्याच्या दारात उदबत्ती

प्रिय मावशी,

आई माझ्याशी बोलत नाहीये. भांडण तुझ्यावरून झालंय, म्हणून तुलाच लिहितेय. रविवारी शिवडीला तुझ्या श्रद्धांजलीला लोक जमले होते. सगळ्यांसमोर मी तुझा हार घातलेला फोटो उचलला आणि काखेत मारून निघून आले. "माझ्या सख्ख्या बहिणीचा फोटो असा उचलून आणलास?" इथून आईने सुरुवात केली. आता फक्त भांड्यांचा आवाज.

आधी सगळं ऐक, मग काय ते ठरव.

तू गेल्यापासून आपलं रविवारचं पक्षी बघायला जाणं बंदच पडलं होतं. शेवटी मंदारने पुढाकार घेतला. तूच हाताला धरून शिकवलेला मुलगा, म्हणाला, "मावशींच्या आठवणीत एक फेरी काढू." मला बरंच वाटलं गं. नेहमीसारखं उन्हं कलल्यावर डिलाईल रोडवरून निघायचं, खाडीवर फ्लेमिंगो बघायचे, तू दटावायचीस तसं तोंड मिटून चालायचं. मी तर घावनेही करून नेले होते.

तोंड मिटून कुठलं? बॅनर होता, मावशी. गळ्यात दुर्बीण घातलेली तू, आणि तुझ्या बाजूला तुझ्याहून मोठा फ्लेमिंगो. एवढी माणसं, त्यातली निम्मी तुला कधी भेटलीसुद्धा नव्हती. त्यांनी पक्ष्यांकडे पाठ करून सेल्फी काढले, तिथपर्यंत मी काही बोलले नाही. मग मंदार म्हणाला, "आता मावशींच्या सगळ्यात लाडक्या जागी जाऊ या," आणि थेट त्या बंद गोदामाकडे वळला.

 त्या गोदामाच्या भिंतीतल्या भोकात पिंगळ्याची, त्या चिमुकल्या घुबडांची, जोडी घर करते, हे तू, मी आणि मंदार एवढ्यांनाच माहीत होतं. आत पिल्लं होती. त्याला कशाला दाखवलंस गं तू? तुझी घडीची खुर्ची उचलायचा म्हणून? "बरो झील आसा गो तो," म्हणायचीस. असेल बरा मुलगा. पण घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा नाही ही अट तुझीच ना? मग ती तूच का मोडलीस? याच्यावर तुझ्याशी कडकडून भांडायचं होतं मला, तर तू नाहीस.

पुढचं ऐक. भोकाच्या बरोबर खाली त्याने स्टूल मांडलं. त्यावर तुझा फोटो, हार, आणि समोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. धूर सरळ पिल्लांच्या दारात. वर दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत समोरच्या पिंपळावर एक पिंगळा जिवाच्या आकांताने चिरकत होता, दुसऱ्याच्या चोचीत पाल लटकत होती, आणि दोघांनाही घरात शिरता येत नव्हतं. शेजारची एक बाई डोळे पुसत म्हणाली, "बघा, मावशीच आल्यात." लोकांनी हात जोडले. एकाने तर मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज लावला, मावशी अजून जवळ याव्यात म्हणून.

माझं डोकं सटकलं. उदबत्त्या उपटल्या आणि चिखलात खुपसल्या. मोबाईलवाल्याला काय बोलले ते तुला लिहीत नाही. मंदार हळूच जवळ आला, "अगं, आजच्या दिवशी तरी नको. मावशींना काय वाटेल?"

"पिल्लं उपाशी आहेत. तिला तेवढंच वाटलं असतं," म्हटलं, आणि फोटो घेऊन चालू पडले. फोटोच नाही म्हटल्यावर लोकही पांगले. मला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून दुर्बिणीने बघितलं. आधी भोकातून दोन डोकी दिसायची. आता एकच दिसतंय. खाली कावळे होते. धुराने गेलं, उपासाने गेलं, की घाबरून पडलं, कुणाला विचारू? मंदारला फोन केला.  तो म्हणाला, "वाईट झालं गं. पण लोकांना फार आवडलं. दर वर्षी करायचं ठरलंय."

दर वर्षी!

आई म्हणाली, माणसं प्रेमाने आली होती. आली असतील. प्रेमाने केलं की पिल्लू मरत नाही का? एवढं मी विचारलं, तेव्हापासून आमचा अबोला आहे.

तर मावशी, तुझ्या नावाने तिथे पुन्हा फेरी निघाली, तर मी वाटेत आडवी उभी राहीन. मंदारला तसं सांगून झालंय. आणि ते उरलेलं पिल्लू उडून जाईपर्यंत मीसुद्धा तिकडे फिरकणार नाही, दुर्बीण घेऊनही नाही. तुझी आठवण आली की माझे पाय तिकडेच वळतात. दुसरीकडे कुठे जाऊन तुला भेटायचं, ते मला माहीत नाही.

तरी नाही जाणार.

तुझी भांडकुदळ भाची,
वैशू