नियम चौथा: गाडी थांबवू नये

२४ जानेवारी, शनिवार
माळावरच्या जीप-रेसची कमिटी घरी आली. कमिटी म्हणजे अमर आणि त्याची मोटारसायकल. म्हणाला, प्रेमसिंगकाका, पाहुण्यांच्या लय गाड्या येतीन, फाट्यावर समजदार माणूस पाह्यजे. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाकडे तो आला, हे बरोबरच. शेजारची बसंतीबाई म्हणते, तिच्या जावयानं नाही म्हटलं म्हणून इकडे आला. दुर्लक्ष. माझं पद ठरलं: वाहतूक प्रमुख. मीच ठरवलं.

२५ जानेवारी
पाहुण्यांसाठी नियम लिहायला बसलो. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाले. पोराला, राजकुमारला, पुण्याला फोन लावून वाचून दाखवले. नवव्या नियमाला त्याला दुसरा फोन आला. पण त्याआधी म्हणाला, आठ तारखेला मित्रांना घेऊन रेस पाहायला येतो. दोन वर्षांनी येणार. मी म्हटलं, ये, पण मला ड्युटी आहे.
संकल्प: आठपर्यंत त्याला फोन करायचा नाही.

२६ जानेवारी
फोन केला. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. हा फोन मोजायचा नाही.

३० जानेवारी
अमरनं त्रेचाळीसचे पाच केले. म्हणे, एवढं कोण वाचते काका. पट्टा लावा. वेग वीस. जनावरांजवळ हॉर्न नको. ठीक. चौथा खास माझा: ओळखीचं कोणी दिसलं तरी गाडी थांबवू नये. आपल्याकडे सोयरा दिसला की माणूस रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करतो, काच खाली, तंबाखूचा खर्रा वाटून खातो, पोरीचं लग्न जमवतो. मागे दहा गाड्या. पाचवाही माझाच: येताना आमच्या तांड्यावरून, जाताना मारेगावच्या रस्त्यानं. उलट कोणालाही सोडू नये, कोणीही असो. पाटीवर ‘कोणीही असो’ लाल रंगात लिहायला लावलं.

६ फेब्रुवारी
गावरान कोंबडा आणला. बसंतीबाई म्हणाली, काहून भाऊ, एकट्याले एवढा कोंबडा? म्हटलं, उन्हात उभं राहायला ताकद लागते. राजकुमारची आई, जमना, गेल्यापासून वरची मोठी ताटं काढली नव्हती. चार काढून घासली. धूळ बसली होती, म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
कोंबडा शिजवून ठेवला. शिट्टी, झेंडा, एसटीचा खाकी शर्ट. मधलं बटण लागत नाही. कापड आकसलंय.

दुपारी १
राजकुमार आला! पांढरी गाडी. काच खाली करून म्हणाला, बा. जाड झालाय, शोभतं त्याला. म्हणाला, गाडी बाजूले घेतो, पाच मिनिटं घरी जाऊन येऊ. मागे हॉर्न सुरू झाले. अमर बघत होता. मी पाटीवरच्या चौथ्या नियमावर बोट ठेवलं आणि झेंडा हलवला. वाहतूक प्रमुखाचा पोरगाच थांबला तर बाकीचे काय ऐकतील? जाताना ये, म्हटलं. तोवर रस्सा मुरेल.

संध्याकाळी ६
राजकुमारचा फोन. रेस संपल्यावर माळाच्या तिकडच्या टोकाला अमरच्या माणसानं गाडी तांड्याकडे वळू दिली नाही. हा म्हणाला, नियम माझ्याच बापानं लिहिलेत. तो म्हणाला, मंग त बिलकुलच नाही सोडत, लाल अक्षर वाचा. मित्रांना उद्या ऑफिस. मारेगाव केव्हाच मागे पडलं होतं.
मी म्हटलं, त्या माणसानं बरोबर केलं.
दिवसभरात एकही गाडी अडकली नाही. व्यवस्था चोख. अमरनं पाठ थोपटली. मला फार वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, कोण वाचतंय.

९ फेब्रुवारी
कोंबडा बसंतीबाईकडे दिला. तिनं विचारलं, पोरगा भेटला का भाऊ? म्हटलं, भेटला ना, चांगला भेटला. तीन ताटं परत वर ठेवली.
दुपारी पाटी काढायला फाट्यावर गेलो. काढली नाही, बाजूला बसलो. एक टेम्पोवाला पाटीसमोरच थांबला. मुकुटबन किती लांब, विचारलं. सांगितलं. चौथ्या नियमाबद्दल त्याला काही बोललो नाही. घर जवळच आहे, चहा घेऊन जा, म्हटलं.
तो म्हणाला, घाई आहे काका.