तेराची पाऊणपट

२२ जानेवारी १९३४, सोमवार
शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांना पायी भटकायचं वेड आहे, असं कळलं. लगेच शाळेतल्या मास्तरांचं पदभ्रमण मंडळ स्थापन केलं. प्रमुख मी. रविवारी खाडीकाठाने सहल, साहेब पाहुणे. सहल रंगली की माझ्या नावामागचं 'हंगामी' गेलंच. कायम हेडमास्तर! सगुणा दोन वर्षं गिरगावात माहेरी बसून आहे. आता तिला आणायचीच.

२५ जानेवारी
खाडी मधल्या वाळूच्या पुळणीवरून चालत ओलांडायची. ओहोटीला इथली माणसं जातात. होडीवाल्या करमअलीने वेळ काढायची रीत सांगितली: तिथीची पाऊणपट करायची. रविवारी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला ओहोटी. तो पुढे आणखी काही सांगत होता, पण त्रैराशिक शिकवणाऱ्याला किती समजावणार?

२७ जानेवारी
सगुणेला पत्र टाकलं. कायम झालो, सामान बांध, मिळेल त्या बोटीने निघ. एक दिवस आधी लिहिलं, एवढंच. ही थाप नव्हे, दूरदृष्टी.

२८ जानेवारी, सकाळी ८
खाडीत उतरलो. पाणी घोटाभर. साहेब खूश, बूट हातात. वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचून परतणाऱ्या सफुराबीने अडवलं. मास्तर, पानी चढतंय, पाऊणपट करून भरती निघते, ओहोटी न्हाय, म्हणाली. मी हसलो. साहेबांसमोर मागे फिरलो तर कायम कोण करील? बाई दमली असावी.

सव्वानऊ
पुळणीवर उभे. पाणी मांडीला. वही डोक्यावर ठेवून लिहितोय. ड्रॉइंगमास्तर रामरक्षा म्हणताहेत. अर्ध्या तासात उतरेल. उतरायलाच हवं. देवा, उतरव रे.

संध्याकाळ
करमअलीने होडी आणली. आठ वाजल्यापासून तयारच बसला होता म्हणे. साहेबांचा एक बूट गेला. होडीत ते एकच बोलले, शाळेत गणित तुम्हीच शिकवता ना? माझ्या विषयाची दखल घेतली. चिन्ह चांगलं आहे.

२९ जानेवारी
पोस्टात गेलो. पत्र परत द्या म्हणून पोस्टमास्तरांच्या अक्षरशः पाया पडलो. टपाल शनिवारीच गेलं होतं. तार करावी, तर तारेत लिहू काय? जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी
हुकूम आला. हेडमास्तर दुसरेच कुणी. माझी बदली पालीला, दुय्यम मास्तर म्हणून. तीही हंगामी. खाली शेरा, 'यांना खाडीपासून लांब ठेवावे.' साहेबांना माझ्या जिवाची काळजी आहे. तरी रडू आवरत नाही. सगुणेच्या वडिलांनी तिला थांबवलं असेल. ते संशयी आहेत, देव त्यांचं भलं करो.

दुपारी ४
शिपाई धर्माजी दिघी बंदरावरून धापा टाकत आला. बाई बोटीतनं उतरल्यात, म्हणतो. दोन ट्रंका, लोणच्याची बरणी. आनि पाटा-वरवंटा बी हाय.