ताट देवीचं, पाइप पाड्याचा

सूर्यमाळ, मंगळवार

ती. हरेशमामांस,

साष्टांग नमस्कार. (पाड्यातला लाडक्या त्याची जीप घेऊन भिवंडीला मजूर सोडायला निघालाय, पत्र तोच तुम्हाला पोचवेल; जीपच्याच बॉनेटवर वही टेकून लिहितेय; तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घ्या.) तुमची तब्येत, गोदामातली हमाली, कंबर, सगळं ठीक असेल अशी आशा. पत्रात मामाला अहोजाहो करतात म्हणून एवढं केलं, आता नेहमीसारखं तू म्हणते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण नाहीत. विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलंय, वाटीने खरवडून हंडा भरतो. ते पिऊन निम्मा पाडा परसाकडच्या वाटेवर. आमच्या धाकलीला तर मोखाड्याला नेऊन सलाइन लावलं. चार वर्षांची पोर, डोळे पार खोल गेले होते. मी घाबरले मामा, खोटं कशाला सांगू. त्याच दिवशी आम्ही पोरापोरींनी ठरवलं, डोंगरावरच्या झऱ्यापासून पाड्यापर्यंत पाइप आणि खाली फिल्टरची टाकी, पावसाच्या आत.

पैशासाठी खोडाळ्याच्या बाजारात डबा घेऊन फिरलो. आमच्यातल्या करिष्माने त्यावर सुंदर अक्षरात 'शुद्ध पाण्यासाठी' लिहिलं होतं. लोकांनी अक्षराचं कौतुक केलं आणि कांदे घ्यायला गेले. मग करिष्माचं डोकं चाललं (कधीमधी चालतं, तेव्हाच भीती वाटते). बोहाड्याच्या जत्रेत मुखवटे घालून सोंगं नाचतात, तेव्हा डबा नको, देवीच्या सोंगाबरोबर ताट फिरवू, म्हणाली. देवीचं सोंग म्हणजे तुमच्या घरचा मान. तू नाहीस, म्हणून तुझ्या गोरखने नाचवायचं ठरलं. आणि काय सांगू, सोंग असं नाचलं की म्हातारे बघत राहिले. एवढा जड लाकडी मुखवटा, पण मान तसूभर हलली नाही. ताट तीनदा भरलं.

तिथेच घोळ झाला. पैसे उचलायला गेलो तर नवशाआजा (भगत झाल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलेलं नाही) ताटावर हात ठेवून बसलेला. म्हणाला, "ताटात पडला तो देवीचा पैसा. तिला इचारल्याबिगर कुणी हात नाय लावायचा." आम्ही सगळे याच पाड्यात वाढलो, पण ही गोष्ट आधी एकाच्याही डोक्यात आली नाही! आता शनिवारी कौल लावायचा. ज्याने सोंग नाचवलं त्याने, नाहीतर घरच्या कर्त्याने, मुखवट्यावर हात ठेवून विचारायचं आणि आजा सुपातले तांदूळ जोडीजोडीने मोजणार. जोड्या जुळल्या तर पाइप, एक दाणा उरला तर सगळे पैसे देवळाच्या पेटीत. जव्हारचा पाइपवालाही शनिवारपर्यंतच थांबणार आहे. आणि गोरख हात ठेवायला तयार नाही. विषय काढला की त्याच्या पोटात कळ येते. मामी त्याला ओरडतही नाही, यावरून काय ते समज. मला तर भाकर गोड लागेना.

तुझी भाची,
हर्षाली

ता. क. : शनिवारी सकाळच्या एसटीने ये आणि तू हात ठेव. सुट्टी मिळत नाही म्हणू नकोस, मागच्या महिन्यात मॅच बघायला मिळाली होती.

दुसरा ता. क. : गोरखची पोटदुखी खरीच होती, पण बोहाड्याच्या दिवशी. विहिरीचं पाणी पिऊन तो आडवा पडला होता. सोंग मी नाचवलं. बाईमाणसाने मुखवटा चढवायचा नसतो, ठाऊक आहे मला. मामीने स्वतःच्या हाताने बांधला आणि तोंडातून ब्र काढला नाही. आजाला कळलं तर पैसेही गेले आणि पाणीही. तू "सोंग आमच्या घराने नाचवलं" एवढंच म्हण. त्यात खोटं काही नाही. (भाची घरचीच, असं तूच म्हणतोस.)

तिसरा ता. क. : लाडक्या हॉर्न वाजवतोय. मान इतकी ताठ कशी राहिली, असं आजा अजून सगळ्यांना विचारतो. मुखवटा जड आहे मामा, पण दोन भरल्या हंड्यांपुढे काहीच नाही.