बाहेर बसणारी मुले

७ एप्रिल १९५८, सोमवार

आज रुजू झाले. हुकुमावर टाईप केलं आहे, 'सौ. पुष्पा मोहन गजभिये, नॉर्मल पास, तात्पुरत्या लेखनिक.' तात्पुरत्या तर तात्पुरत्या. आमच्या घरात सरकारी कागदावर नाव आलेली मी पहिली बाई. आईला भंडाऱ्याला पत्र टाकलं तेव्हा त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

शकुचे बाबा पहिल्या पाळीला सायकलने कारखान्यात गेले. शकु दुसरीत आहे. तिला शाळेत सोडून मी खमरियाहून बस धरली. दफ्तर म्हणजे सिविल लाइंसमधला एक जुना बंगला. पुढच्या खोल्यांत शिक्षण खात्याचे बाबू बसतात, मागच्या लांब हॉलमध्ये नुसते कागद. राज्यांची वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर इकडे राहिलं, पण शाळांचे जुने कागद अजून एकमेकांत मिसळून पडले आहेत. मराठी शाळांचे वेगळे काढून, यादी करून नागपूरला पाठवायचे, एवढं माझं काम. मराठी वाचणारं इथे कोणी नाही. बडे बाबू म्हणाले, बहनजी, आप आ गईं तो हमारी जान छूटी.

हॉलला कापूर आणि वाळवीचा वास आहे. मला आवडला.

१९ एप्रिल, शनिवार

एकशे चौदा गठ्ठे झाले. हजेरीपट, दाखल-खारीज, तपासनिसांचे शेरे. एका शेऱ्यात लिहिलं आहे की मुली कविता छान म्हणतात, मात्र वजाबाकीत रडतात. मी एकटीच हसले. आणि एका बापाचा अर्ज सापडला, साठ वर्षांपूर्वीचा. मुलाला शाळेत घ्यावे, तो भिंतीस शिवणार नाही, कोणाच्या अंगावर सावली पडू देणार नाही. खाली अंगठा. आम्ही दीक्षा घेतली त्याला आता दीड वर्ष झालं. शकुला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ नये असंच मला वाटतं.

गठ्ठे उतरवून द्यायला गुलाबराव दफ्तरी आहेत. आपलेच आहेत, पन्नाशीच्या आतबाहेर. आईबाप कामासाठी वऱ्हाडातून इकडे आलेले. मी त्यांना काका म्हणते. कामाला चोख माणूस, पण हॉलच्या मागच्या व्हरांड्यात पाय ठेवत नाहीत. पाण्याचा माठ तिथे आहे, तरी ते बंगल्याला वळसा घालून पुढच्या नळावर जातात.

५ मे, सोमवार

शाळेला सुट्टी लागली, म्हणून शकुला सोबत आणते. बडे बाबूंनी हो म्हटलं. ती पाटी घेऊन मागच्या व्हरांड्यात खेळते, तिथे जरा गार असतं.

आज सगळ्यात वरच्या फळीवर, छताला लागून, लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा मिळाला. काका जेवायला गेले होते, म्हणून स्टूल घेऊन मीच उतरवला. परतल्यावर त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हा काहून सोडला तुमी? मी वीस वर्षांपासून लपवून राहिलो त्याले," एवढंच बोलले, आणि तब्येत बरी नाही म्हणून घरी गेले.

६ मे

याच बंगल्याच्या मागच्या भागात पूर्वी मराठी प्राथमिक शाळा भरत होती. गठ्ठा तिचाच आहे. १९१८ चा हजेरीपट. आत बसणाऱ्यांची, म्हणजे कारकुनांच्या मुलांची, पूर्ण नावं. शेवटच्या पानावर वेगळा मथळा, 'बाहेर बसणारी मुले', आणि खाली दहा ओळी. आडनावं नाहीत, बापाचं नाव नाही. चिमी. रघ्या. ढोली. बायजी. भिक्या. असंच पुढे. दहावं नाव चाकूने खरवडलेलं.

ऑक्टोबरच्या दहा तारखेपासून आतल्या सगळ्यांपुढे 'शाळा बंद' आहे. बाहेरच्या नऊ मुलांपुढे मात्र रोज 'ह'. अकरा तारखेला ह, बारा, तेरा. महिना संपला तरी ह. शाळा बंद असताना ही हजेरी कोणी घेतली असेल?

शकु व्हरांड्यात कोणाशी तरी बोलत होती. विचारलं तर म्हणाली, खेळून राहिलो ना आम्ही.

८ मे

आज घरी परतल्यावर शकु उंबऱ्याबाहेर बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "बोलावल्याशिवाय यायचं नसते." मला थट्टा वाटली. मी पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाला लावली आणि मान खाली घालून वाट पाहत राहिली. वरून पाणी ओतायची.

माझी आई लहानपणी असं पाणी प्यायची. तिने मला हे एकदाच सांगितलं होतं. शकुला कोणी कधीच सांगितलेलं नाही.

तिच्या बाबांनी तिला उचलून आत आणलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं.

९ मे

शकुला शेजारच्या लीलाबाईंकडे ठेवून मी दफ्तरात गेले. हजेरीपट उघडला. खरवडलेल्या नावाच्या खाली अकरावी ओळ आहे. काल नव्हती. शपथेवर सांगते, नव्हती.

'शकु.' पुढे चार वेळा ह. पाच तारखेपासूनचे. शाई ओली, माझ्या बोटाला लागली.

ते पान मी फाडलं आणि चुलीत जाळलं.

१० मे

पान जागेवर आहे. आता पाच ह. शकुच्या बाबांना दाखवलं. ते कागदावर विश्वास ठेवणारे नाहीत, पण शकुकडे बघून हादरले आहेत. कारखान्याच्या डॉक्टरने मलेरियाचं औषध दिलं. दुपारी झोपेतच ती स्पष्ट म्हणाली, हजर.

१२ मे, सोमवार

अकरा वाजता शकु अंथरुणात नव्हती. दाराला आतून कडी होती. बडे बाबूंच्या शिपायाने निरोप आणला की बहनजी की बिटिया यहाँ बैठी है. खमरियाहून सिविल लाइंसपर्यंत सात वर्षांची पोर, एकशे चारच्या तापात, पायी आली म्हणायची? तळव्यांना धूळसुद्धा नव्हती. व्हरांड्याच्या कडेला मांडी घालून बसली होती, रांगेत बसल्यासारखी, तिच्या शेजारी जागा सोडून.

मी गुलाबकाकांच्या पाया पडले. तेव्हा ते बोलले.

मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझाची मोठी साथ, आली ते साल. साहेबांच्या बंगल्यांतल्या आया आणि भंगी-महारांची दहा पोरं बाहेर बसायची. त्या दिवशी मास्तर तापाने थरथरत होता. त्याने आतली मुलं घरी धाडली, दार लावलं आणि बाहेरच्यांना दटावलं की मी नाव घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. उठला त्याची चामडी लोळवीन. मग तो आतच मेला. वस्तीत सगळे मायबाप तापाने पडलेले, पोरांना शोधायला कोणी आलं नाही. पोरांनाही ताप होता. ती बसून राहिली.

"मी उठलो, बाई. तहान लागली व्हती. चिमी म्हणे, गुलाब, जाऊ नको, मास्तर मारन. मी पळालो. चौथ्या दिवशी आलो त नऊही तसेच बसले व्हते, भिंतीले टेकूनही नाही." मग म्हणाले, "माह्यं नाव मीच खरवडलं. मोठा झाल्यावर."

चिमी त्यांची बहीण.

१३ मे

शकुला तिच्या बाबांनी कमरेशी धोतराने बांधून घेतलं, रजा काढून. अकरा वाजता गाठ तशीच, शकु नाही.

व्हरांड्यात सापडली. उचलायला गेलो तर उचलेना. दोघांनी ओढलं. तिचं वजन — दहा मुलांचं. पाच वाजले तेव्हा आपोआप हलकी झाली.

ओठ फुटले आहेत. पाणी फक्त ओंजळीने घेते. मला आई म्हणत नाही, बाई म्हणते.

१४ मे

गुलाबकाका आज धुतलेला सदरा घालून आले. म्हणाले, एक जागा रिकामी आहे, ती माझी आहे, मी बसलो की तुमच्या पोरीला सोडतील. मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

अकराच्या ठोक्याला चाळीस वर्षांनी ते व्हरांड्यावर चढले. शकुच्या शेजारी सोडलेल्या जागी बसले. म्हणाले, हजर. पाच वाजता मी हात लावला तेव्हा गार होते, ताठ बसलेले, भिंतीला न टेकता.

हजेरीपटात दहावी ओळ पुन्हा वाचता येते. गुलाब. ह.

अकरावी तशीच आहे. शकु. ह.

एकाच्या बदल्यात एक असं त्यांच्याकडे नाही. माणूस गेला. माझ्या पोरीसाठी गेला, आणि काही झालं नाही.

१५ मे

डॉक्टर म्हणतो, अजून एक दिवस, फार तर दोन.

हजेरीपट पुन्हा पहिल्यापासून वाचला. वेड्यासारखा. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तपासनिसाचा शेरा — 'शाळा बंद करण्यात आली. बाहेरील मुलांची नावे कमी केलेली नाहीत. दाखले दिलेले नाहीत. पट कायम.'

पट कायम.

म्हणून ती अजून शाळेतच आहेत. त्यांना सोडलेलंच नाही कोणी. दाखला मिळाल्याशिवाय मूल शाळेतून सुटत नाही. गठ्ठ्यात कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक आहे. खाली सही लागते मुख्य शिक्षकाची — मी नॉर्मल, म्हणजे मास्तरकीचीच परीक्षा, पास आहे. मी करीन.

१६ मे, सव्वाअकरा

हॉलमध्ये आहे. शकु अकराला व्हरांड्यात येऊन बसली आहे. शकुचे बाबा फाटकाबाहेर उभे आहेत, त्यांना आत येऊ दिलं नाही. अहो, हे तुमच्यासाठी लिहिते.

आधी शकुचा दाखला लिहायला घेतला. शाई उमटेना. क्रमानेच लिहावे लागतील.

साडेअकरा

चिमी. शाळा सोडण्याचे कारण — काय लिहू? 'शाळा सुटली' लिहिलं. सही केली. व्हरांड्यात कोणीतरी उठलं. अंगणातल्या धुळीत लहान पावलं उमटत फाटकाकडे गेली. मी पाहिलं.

रघ्या. ढोली. गेले.

बारा

सहा झाले. हॉलच्या टोकाला जी खोली आहे, कागदांनी बुजलेली, तिच्यात खुर्ची सरकली. तिथे खुर्ची नाही.

खोकला. मोठ्या माणसाचा.

पावणेएक

नऊ. खोलीचं दार आतून ढकलतोय. गठ्ठे पडताहेत. तापाची ऊब इथवर येते. अक्षर वाईट येतंय, पण सही नीट करते —

गुलाब. दाखला लिहिला. काका, जा. चिमी फाटकाशी थांबली आहे.

एक

शकुंतला मोहन गजभिये. पूर्ण नाव लिहिलं. बापाचं, आडनावासकट. सही केली.

"आई," म्हणाली. बाई नाही. आई म्हणाली! मी खिडकीतून ओरडले, पळ, मागे बघू नको, बाबा आहेत —

पळतेय. पाय लटपटतात तिचे.

तो माझ्या मागे उभा आहे. छडी टेबलावर. पट रिकामा झाला म्हणतो. अंगणात कोण पळतंय विचारतो — खिडकीकडे निघाला —

अकरा दाखले मी लिहिले. माझा लिहायला कोणी नाही.

पडली शकु. उठतेय. अजून वीस पावलं. तो खिडकीशी — नाही. वळला. बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव विचारतो. मी बोलले तर त्याचं लक्ष इकडे राहील — तेवढ्यात ती —

अहो, तिला पेल्याने पाणी द्या. हातात पेला द्या तिच्या.

पुष्पा. पुष्पा मोहन गजभिये. मास्तर, इकडे बघा. मी हज