यंत्राखालचा चौकोन

४ सप्टेंबर १९८९
बेंगळूरचा कॉम्प्युटर कोर्स संपवून काल परत आलो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग जाणणारा उद्यमबागेतल्या कारखान्यांत मी एकटा. बेळगावातही एकटाच असणार, उगाच चौकशी कशाला करा.
आमच्या फौंड्रीचे मालक मारुतीराव म्हणाले, कुठल्या पार्टीचं कास्टिंग कुठवर आलंय, कुठल्या मशीनवर कोण हाय, एवढं बटण दाबल्यावर दिसू दे. खंडेनवमीच्या आत कर, पूजेला सगळ्यांसमोर तुला कायम करतो.
संध्याकाळी हिंडलग्याला भावकू मामांना सांगून आलो. मामा म्हणाले, रवळू, कायम झालास की तुझी आणि आमच्या मनूची सुपारी फोडू. मनू चहा घेऊन आली. साखर कमी होती. लाजली असेल.

६ सप्टेंबर
प्रोग्रॅम आठवड्याचं काम. पण आधी क्लास ठरवायचे, मग कोड. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातनं निघालेलं कास्टिंग. फोरमन मष्णूआण्णाला समजावलं. तो म्हणाला, साचा हाय तर वता की मग. अडाणी. साचा आधी कागदावर काढायचा असतो.

११ सप्टेंबर
चार्टपेपर आणले. वरच्या चौकोनात 'वस्तू'. खाली 'सजीव' आणि 'निर्जीव'. भट्टी कशात घालायची यात दिवस गेला. खाते, धूर सोडते, तापते. उद्या ठरवू.

१९ सप्टेंबर
'सजीव' रद्द. चार्टपेपर संपले, अजून आणले. कॉम्प्युटर चालू केलेला नाही. डिझाइन चाललेलं असताना कॉम्प्युटरला हात लावणं हे कच्च्या माणसाचं लक्षण.

२५ सप्टेंबर, दुपारी
मोठा शोध. 'यंत्र' क्लासमध्ये लिहिलं होतं: चालू होतं, बंद पडतं, तेल लागतं. मग 'कामगार' लिहायला घेतला: चालू होतो, बंद पडतो, चहा लागतो. तेच तेच परत कशाला लिहायचं? वारसा द्यायचा. 'कामगार' यंत्राच्या खाली घेतला, त्याच्यापासून वर बाण काढला. फक्त तेलाच्या जागी चहा. शिवाय 'कायम' असा एक रकाना. बेंगळूरच्या सरांनाही एवढं सुबक सुचलं नसतं.

३० सप्टेंबर
मालकांनी विचारलं, बटण कुठवर आलं. म्हणालो, झालंच, टायपिंग तेवढं राहिलंय. त्यांना प्रगती दिसावी म्हणून डायग्राम मशीनशॉपच्या भिंतीवर लावला. मुद्दाम मराठीत.

३ ऑक्टोबर
मालकांनी बघितला नाही. कामगार मात्र डबा सोडून वाचत उभे. लोकांत जिज्ञासा आहे. मष्णूआण्णानं विचारलं, ह्यो बाण वर गेलाय, म्हंजे लेथ आमचा बा व्हय रं? म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या होय. बाणावरनं दोनदा बोट फिरवून गेला. पटलं असावं.

८ ऑक्टोबर
मामांना पूजेचं आवतण दिलं. शर्ट इस्त्रीला टाकला. टायपिंग उद्या पहाटे.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी
पहाटे गेलो तर कॉम्प्युटर पुसून पूजेला मांडलेला, कुंकू लावून. मालक म्हणाले, आज हत्याराला हात लावायचा न्हाय. हे ध्यानातच नव्हतं. म्हणजे चूक माझी नाही, पंचांगाची.
पूजेला लेथ, ड्रिल, ग्राइंडर झेंडूच्या माळा घालून ओळीनं. आणि त्यांच्या शेजारी सगळे कामगार, तेही माळा घालून, मांडी घालून, ओळीनं. मष्णूआण्णा म्हणाला, भिंतीवर लिवलंय, आमी यंत्राच्या पोटचे. तवा आमची बी पूजा करा. आनि माझी कंबर दोन म्हैनं बंद पडलीया, मशीनवानी ती बी कंपनीच्या खर्चानं दुरुस्त करा. पूजा झाल्याबिगर कोन उठनार न्हाय.
मालकांनी आधी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. शेवटी मालकीणबाईंनी एकेकाला कुंकू लावून नारळ दिला. कंबरही मंजूर झाली.
मग मालकांनी विचारलं, ह्यात तुझा चौकोन कुठं हाय रं? स्वतःला काढायचं राहूनच गेलं होतं. मोठ्या लोकांचं असं होतं. पण खालच्या कोपऱ्यात कुणीतरी कोळशानं काढला होता, तोही यंत्राखालीच. मामांनी चष्मा लावून सगळ्यांसमोर वाचला: रवळू. चालू हुईत न्हाय. चहा लई लागतो. कायम: न्हाय.
तांत्रिकदृष्ट्या चूक काढता आली नाही. बाणसुद्धा बरोबर दिशेला होता.

१० ऑक्टोबर, दसरा
मालकांनी निरोप धाडला. कॉम्प्युटर झाकून ठेवायचा, आणि मी परवापासून लेथवरच्या ज्योतिबाच्या हाताखाली.
सोनं द्यायला हिंडलग्याला गेलो. दारात ज्योतिबाची सायकल. काल माळ घालून, कुंकू लावून बसलेला, तिथंच मामांच्या मनात भरला म्हणे. कडोलीचा, आपल्यातलाच. मामांनी मलाच विचारलं, पोरगा कामाला कसा हाय. सांगितलं: चालू होतो, बंद पडत नाही, कायम आहे.
मनू चहा घेऊन आली. आज साखर भरपूर होती. कप ज्योतिबाचा होता, चुकून माझ्या हातात आला.